मथळ्यातली ओळ

आमच्या दाजींना स्वतःच्या नावाचं भारी कौतुक. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, खाणीत सकाळच्या शिफ्टचे मुकादम, हाताखाली चाळीसेक माणसं. हेल्मेटवर नाव, जेवणाच्या डब्यावर नाव, छत्रीच्या दांड्यावरसुद्धा खिळ्याने कोरलेलं नाव. मी मेव्हणी, त्यामुळे त्यांची टर उडवायचा परवाना मला ताईच्या लग्नातच मिळालेला. "दाजी, तेवढं कपाळावर लिहायचं राहिलंय," मी म्हणायचे. ते म्हणायचे, "तिथे जागा कुठे आहे? तुझ्या बहिणीने आधीच काय काय लिहून ठेवलंय."

खाणीच्या कचेरीत मी हजेरी बघते. माझ्या शेजारच्या टेबलावर त्यांची लेक, माझी भाची, संगणक विभाग सांभाळते. संगणक विभाग म्हणजे ती एकटीच, आणि एक प्रिंटर, जो मनात आलं तर चालतो. आमच्या खिडकीतून पंपघर दिसतं, त्यापलीकडे खाणीचं तोंड. साहेबलोकांच्या खोल्यांना बागेकडच्या खिडक्या आहेत आणि आम्हाला पंपघर. दिवसभर त्या पंपांची घरघर कानात असते. सुरुवातीला डोकं उठायचं, पुढे पुढे ऐकूच येईनासं झालं.

पोरगी रोज सकाळी शिफ्टचं पान बनवायची. कोण कोणत्या थरात उतरलं त्याचा तक्ता. कचेरीत तो पडद्यावर बघायचा आणि खाणीच्या तोंडाशी त्याचे छापील कागद लावायचे, कारण तिथे फोन बाळगायला बंदी आहे. पान बनवायच्या त्या एचटीएमएलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण माणूस शेजारी बसून बसून शहाणा होतो. तक्ता म्हणजे नुसती ओळींची रांग नसते, एवढं मी शिकले. ओळींचे गट करावे लागतात. वर मथळ्याचा गट, त्याला ती टीहेड म्हणायची. मध्ये खऱ्या मजकुराचा गट, टीबॉडी, आणि तो एकच असला पाहिजे असं नाही, हवे तेवढे करा. तळाला बेरजेचा, टीफूट. गट केले की एकेका ओळीला रंग देत बसावं लागत नाही. गटाला सांगायचं, तू हिरवा, की आतल्या सगळ्या ओळी हिरव्या. ओळ उचलून दुसऱ्या गटात ठेवली की ती तिथला रंग घेते.

"म्हणजे सासरी गेलेल्या मुलीसारखं," मी म्हणाले.

"मग तू अजून माहेरच्याच रंगात कशी, मावशी?" पोरगी म्हणाली. बापाची जीभ आणि आईचं नाक, दोन्ही तिने घेतलं होतं.

छापताना अजून एक गंमत असते. तक्ता दोन-तीन कागदांवर गेला तर मधल्या ओळी पुढच्या कागदावर सरकत जातात, पण मथळ्याचा गट प्रत्येक कागदावर वर पुन्हा छापला जातो आणि बेरजेचा प्रत्येक कागदावर खाली. म्हणजे कुठलाही कागद हातात आला तरी कुठल्या रकान्यात काय आहे ते कळावं.

पहिल्यांदा असे कागद लागले त्या दिवशी दाजी तरातरा आमच्या खोलीत आले. बुटांचा काळा चिखल थेट टेबलापर्यंत.

"दुसऱ्या कागदावर माझं नाव नाही."

"बाबा, पहिल्यावर आहे ना. सगळ्यात वर."

"पहिल्यावर आहे, पण दुसऱ्यावरची माणसं कुणाची? बेवारस आहेत? उद्या वाऱ्याने कागद उडाला, दुसऱ्या शिफ्टवाल्याला सापडला, त्याला कळायला नको ही कुणाची माणसं?"

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, हे मला आजही मान्य करावं लागतं. नुसता गर्व असता तर मी तेव्हाच त्यांना हाकलून दिलं असतं. पोरगी हसली, तिने त्यांची ओळ मधल्या गटातून उचलली आणि मथळ्याच्या गटात नेऊन ठेवली, रकान्यांच्या नावांच्या खाली. गडद निळी पट्टी, त्यावर पांढरी अक्षरं. आता नावांची अदलाबदल होवो, यादी वरची खाली होवो, मुकादम आपल्या जागी ठाम, आणि तेही प्रत्येक कागदावर. दाजी खूश. बाकीच्या दोन शिफ्टच्या मुकादमांनाही मग तेच पाहिजे झालं. एकाला दिलं की दुसऱ्याला द्यावंच लागतं.

तळाची बेरीज मधल्या गटांच्या ओळी मोजून आपोआप येते. मथळा त्यात धरत नाहीत, मथळा कोण मोजणार? त्यामुळे बेरजेतून मुकादम वगळला गेला. पण त्याचं कुणालाच काही वाटलं नाही, कारण आमच्या खाणीत मुकादमाला कधी मोजतच नव्हते. तो मोजणारा. खाणीच्या तोंडाशी उभा राहून माणसं आत सोडायची, मोजून बाहेर काढायची, आणि शेवटी आपण निघायचं, ही रीत माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची. मजुरांचे दिवे दिवेघरातून बिल्ला देऊन मिळायचे आणि मुकादमांचे दिवे वेगळ्या कपाटात, ज्याची किल्ली त्यांच्याचकडे. एकेचाळीस म्हटलं की आम्ही सगळे मनातल्या मनात बेचाळीस समजायचो. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. घरात आपण किती माणसं ते जसं सांगावं लागत नाही, तसंच.

पाणी शिरलं त्या दिवशी मी नुकताच चहा ओतून घेतला होता. शेजारी जुनी, बंद पडलेली खाण आहे, तिच्यात वर्षानुवर्षं साठलेलं पाणी मधली भिंत फोडून आमच्या खालच्या थरात आलं. भोंगा वाजला. तो भोंगा दर महिन्याला चाचणीसाठी वाजतो, त्यामुळे पहिला घोट मी घेतलासुद्धा. मग तो थांबेचना.

पोरगी खिडकीशी गेली आणि तिथून परत टेबलाशी आली. तिचा बाप आत होता आणि तिने खुर्ची ओढून सकाळचं पान उघडलं. मी तिला म्हणाले, "तू घरी जा, नाहीतर आईजवळ फाटकाशी जा, इथे मी बघते." ती म्हणाली, "तुला ओळ हलवता येते का?" येत नव्हती.

बचाव पथक बाहेरून आलं. त्यांचा प्रमुख नारिंगी कोट घातलेला, आवाज बसलेला, डोळे लाल, आधीच कुठल्यातरी दुसऱ्या संकटातून उठून आल्यासारखा. मी मनात त्याचं नाव कोटसाहेब ठेवलं. वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे, जरी सांगताना जीभ जड होते. त्याने आमच्या दारात उभं राहून एवढंच विचारलं, "मला एक आकडा लागेल. कोणत्याही क्षणी, आत किती. देऊ शकाल?"

"देते," पोरगी म्हणाली.

तिने मधल्या गटाचे गट पाडले. 'अजून आत', रंग पिवळा. 'बाहेर आले', हिरवा. 'दवाखान्यात', फिकट निळा. सकाळी सगळ्या ओळी पिवळ्या. तळाच्या गटात तिने नवी बेरीज लावली, पिवळ्या ओळी मोजणारी. खालून निरोप आला की ती एक ओळ उचलायची, हिरव्यात टाकायची, की तळाचा आकडा एकाने कमी. चौथा गटही तिने केला होता. त्याला तिने नावही दिलं नव्हतं आणि रंगही नाही. पडद्यावर तो दिसत नव्हता, पण मी तिच्या शेजारीच बसले होते, मला दिसला.

माणसं दोन तोंडांनी बाहेर येत होती. काही समोरच्या मोठ्या तोंडातून, काही डोंगरामागच्या वाऱ्याच्या बोगद्यातून. एका तोंडाशी काय चाललंय ते दुसऱ्याला कळत नव्हतं. फोन मी उचलायची, नाव मोठ्याने म्हणायची, पोरगी ओळ हलवायची. प्रत्येक फोनला मला वाटायचं, आता दाजी. दर वेळी दुसरंच कुणीतरी. त्या दुसऱ्याच्या जिवाचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण अर्धाच. खोटं कशाला बोलू.

मधल्या वेळात मी ताईला पाणी द्यायला फाटकाशी गेले. तिथे बायकांची ही गर्दी. ताई सगळ्यांच्या पुढे, रखवालदाराशी हुज्जत घालत होती. "माझा माणूस पाण्यात आहे आणि तू मला रांगेत उभं राहायला सांगतोस? तुझ्या बापाचं लग्न आहे का इथे?" व्यवस्थापक बिचारा समजूत घालायला आला, त्यालाही तिने सोडलं नाही. मी बाटली पुढे केली तर मलाच म्हणाली, "पाणी काय देतेस? पाणी पुष्कळ झालंय. आतली बातमी दे." मी सांगितलं, अजून काही नाही, पण माणसं निघताहेत. बाहेर आलेल्या एका पोऱ्याला तिने हाताला धरून थांबवलं होतं. तो म्हणत होता, "मुकादम आमच्या मागेच होते काकू. आम्हाला चढावर ढकललं आणि मागे वळले. त्या बोगद्याकडून निघाले असतील." ताईने त्याचा हात सोडला आणि परत रखवालदाराकडे वळली.

दुपारी दोन माणसं जिवंत नाहीत असा निरोप आला. मी नावं म्हटली. त्यातला एक रोज माझ्याशी रजेवरून वाद घालायचा. पोरगीने चौथ्या गटाला रंग दिला, करडा. आधी काळा करून बघितला, मग म्हणाली, "काळ्यावर अक्षरं वाचता येणार नाहीत," आणि करडा केला. दोन ओळी तिथे गेल्या. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिचा सदरा घामाने ओला होता.

पिवळा गट आखडत गेला. शेवटी एक ओळ उरली. ते शेवटचं माणूस बोगद्याच्या बाजूने निघालं, बेशुद्ध, पण श्वास चालू. पोरगीने ओळ निळ्यात टाकली. पिवळा गट रिकामा. तळाला आकडा आला, 'अजून आत: शून्य.'

"आता फक्त बाबा," ती म्हणाली.

"शेवटी येऊन भाव खाणार," मी म्हणाले. "बघ तू. महिनाभर आपल्याला जेवताना ऐकवतील, सगळ्यांना काढलं आणि मग मी निघालो."

ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. आम्हा दोघींना खरंच तसं वाटत होतं. चाळीसेक माणसं निघाली, म्हणजे वाट आहे. वाट आहे म्हणजे शेवटचाही निघेल. रीतच होती, सगळे निघाल्यावर मुकादम. तिने छापायला दिलं. तक्ता दोन कागदांवर गेला. शिपायाने एक प्रत कोटसाहेबांना नेऊन दिली आणि एक फाटकाशी लावली. आम्ही वाट बघत बसलो. मी पुन्हा चहा ठेवला, तीन कप, वर हसलेसुद्धा.

आणि मग काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कशाने ते लगेच समजेना. पोरगीने मान वर केली. "मावशी, पंप."

घरघर थांबली होती. इतक्या वर्षांत मला ती शांतता माहीत नव्हती. लांब कुठेतरी कुणीतरी खोकलं तेही ऐकू आलं.

"मिळाले!" मी ओरडले. दुसरं काय असणार? काम संपल्याशिवाय पंप कोण बंद करेल? आम्ही दोघी धावत सुटलो. तिच्या पायात एकच चप्पल होती.

फाटकाशी गर्दी पांगली होती. ताई रखवालदाराच्या खोलीच्या पायरीवर बसली होती, शांत. तिने आमच्याकडे बघून हात केला.

"या. कळलं मला."

"कुठे आहेत बाबा?" पोरगीने विचारलं. "दवाखान्यात नेलं का?"

"मला काय माहीत? तूच सांग. तुझ्याच कागदावर आहे ना." ताईने फळ्याकडे बोट दाखवलं. "ती बघ, हिरव्यातलं पहिलंच नाव. शेजारणीने वाचून दाखवलं. म्हटलं, निघाले एकदाचे. येतील सावकाश."

मी फळ्याकडे पाहिलं. दोन कागद शेजारी शेजारी. दुसऱ्या कागदावर वर रकान्यांची नावं, त्याखाली गडद पट्टीत दाजींचं नाव, आणि त्याखाली लगेच हिरव्या ओळी, पहिल्या कागदावरून सरकत आलेल्या. 'बाहेर आले' हे शब्द पहिल्या कागदावरच राहिले होते. माहीत नसलेल्या माणसाने वाचलं तर दाजी सगळ्या वाचलेल्यांच्या वर होते, आणि तळाला लिहिलं होतं, अजून आत शून्य.

पोरगीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. देव करो आणि कुणाच्या लेकीचा तसा चेहरा बघायची वेळ न येवो.

"मावशी," ती म्हणाली, "त्यांनी बेरीज वाचली."

खाणीच्या तोंडाशी पथकाची माणसं पाइप गुंडाळत होती. एक पंप गाडीत चढलाही होता. कोटसाहेब एका खोक्यावर बसून बूट काढत होता. पोरगी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मीच म्हणाले, "मुकादम आत आहे."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "आत शून्य. तुमचाच कागद आहे. दिवेघरातले बिल्लेही जुळले, मी स्वतः पडताळलं."

"मुकादम त्यात नसतो."

"नसतो म्हणजे?"

"मुकादमाला मोजत नाहीत."

"का?"

मी खाणीत नोकरीला लागले त्याला जन्म लोटला. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. पोरगी म्हणाली, "ती ओळ मथळ्यात आहे. मथळा बेरजेत धरत नाही." बाहेरच्या माणसाला ते ऐकून काय कळणार? पण तिच्या तोंडाकडे बघून त्याला सगळं कळलं. त्याने शिवी दिली, आम्हाला नव्हे, अशीच हवेत, आणि एका पायात बूट नसताना ओरडत पळत गेला.

पंप बंद करणं एका खटक्याचं काम. चालू करणं तसं नसतं. पाइप परत जोडायचे, गाडीतला पंप उतरवायचा, आणि मधल्या वेळात पाणी चढलेलं. जिथपर्यंत उपसलं होतं तिथून पुन्हा खाली जायचं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ते दाजींपर्यंत पोचले.

ते बुडालेले नव्हते. चढावरच्या एका बंद बोगद्याच्या टोकाशी, कोरड्या जागी, भिंतीला टेकून बसलेले होते. हवा संपली. डॉक्टर बाई तरुण होत्या, मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "कधी?" त्या सांगायला तयार नव्हत्या. मी म्हणाले, "बाई, मी म्हातारी आहे, मला काही होत नाही, सांगा." त्या म्हणाल्या, "काल संध्याकाळपर्यंत तरी होते." पंप तर त्याच्या कितीतरी आधी थांबले होते.

त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची सालटी निघाली होती. शेजारी दगड पडला होता आणि बोगद्यातून जाणाऱ्या लोखंडी पाइपवर ठोकल्याच्या खुणा होत्या. पंप चालू असताना ते ठोकणं कुणाला ऐकू येणार नव्हतं, हे त्यांना माहीत असणार, इतकी वर्षं खाणीत काढलेला माणूस. बचाव पथक मध्ये मध्ये पंप बंद करून कान देतं, हेही त्यांना माहीत होतं. म्हणजे पंप थांबले तेव्हा त्यांना वाटलं असणार, आता ऐकताहेत. आणि त्यांनी दगड उचलला असणार. वर तेव्हा माणसं पाइप गुंडाळत होती आणि मी चहा ओतत होते. हा विचार मी करू नये म्हणून सगळे मला सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातं?

व्यवस्थापकाने दुपारी निरोप पाठवला की पान दुरुस्त करायला हवं, वर्तमानपत्रवाले विचारताहेत. त्याच्या जिभेला हाड आहे की नाही, असं मला वाटलं. मी म्हणाले, "जाऊ दे मसणात पान." पोरगी म्हणाली, "नाही. मीच करणार." तिने मथळ्याच्या गटातली ओळ उचलली आणि चौथ्या गटात ठेवली. गडद निळी पट्टी गेली आणि ओळ करडी झाली. छापलं तेव्हा मी कागद तिला बघू दिले नाहीत. स्वतः जाऊन लावून आले.

पुढच्या दिवसांत बरेच लोक येऊन गेले. चौकशीवाले आले. कोटसाहेब एकदा आला, दारातच उभा राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, "मी विचारायला हवं होतं." मी त्याला ऐकवायचं ठरवलं होतं, चांगलं तोंडभर. पण त्याच्याकडे बघून तो बेत गळून पडला. राग कुणावर काढावा हेच मला कळेना. दाजींवर काढावा, प्रत्येक कागदावर नाव हवं होतं म्हणून? रीत पाडणाऱ्यांवर काढावा, तर ते कधीच मातीत गेलेत. पोरीवर काढणं तर शक्यच नव्हतं.

ताई बोलत नव्हती. कुणाशीच नाही. जेवण ठेवलं तर दोन घास खायची, उठवलं तर उठायची. जिच्या तोंडाचा पट्टा बंद व्हावा म्हणून आम्ही देवाला हात जोडायचो, ती बाई भिंतीकडे बघत बसलेली. पोरगी तिच्यासमोर येऊन बसायची, उठून जायची, परत यायची. आईची हाक येईल म्हणून कान तिकडेच. तीही वाळत चालली होती. माझा जीव दोघींमध्ये अडकलेला.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात होते. दारातून दोघी दिसत होत्या. पोरगी जमिनीवर बसली होती, आईच्या गुडघ्याशी. ती म्हणाली, "आई, काहीतरी बोल. शिव्या दे मला. मार हवं तर."

मग ताईचा आवाज, इतके दिवस न वापरल्याने घोगरा झालेला.

"तुला कशाला शिव्या देऊ? मीच तर बसले पायरीवर. कागद लागला तेव्हा मनात आलं होतं, माणूस दिसत नाही डोळ्यांना, नुसतं नाव बघून कसं बसू? उठलेसुद्धा होते. त्या नारिंगी कोटवाल्याची गचांडी धरून विचारणार होते, माझा माणूस दाखव. सकाळपासून सगळ्यांशी भांडले होते, अजून एकाशी भांडायला काय होतं? मग म्हटलं, कागद आपल्या पोरीचा आहे. ती चुकायची नाही. म्हणून बसले."

पोरगीने मान खाली घातली. ताईने तिच्या केसांवरून हात फिरवला, हळूहळू, लहानपणी फिरवायची तसा. हे सगळं ती रागाने बोलली असती, ताटली फेकून मारली असती, तरी मला बरं वाटलं असतं. पण ती समजूत काढल्यासारखी बोलत होती, आणि पोरगी नुसती ऐकून घेत होती.